रोग्याला कोण विचारतो?

१

इतिहास हा माझा शिकवण्याचा विषय आहे. परंतु ‘हिस्टरी’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो शाळेत नव्हे, दवाखान्यात. साल २००५. माझी दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. कारखान्याचा पट्टा पडून मायबाप ऊसतोडीवरून गावी परतले होते. मायची कंबर धरली होती. घरात वाचता-लिहिता येणारा मी एकटाच. म्हणून तिला सरकारी दवाखान्यात न्यायचे काम माझ्याकडे आले.

रांग लांब होती. आमचा नंबर आला तेव्हा टेबलामागच्या डॉक्टरांनी मान वर न करता विचारले, “काय होतंय गं?”

“कंबर धरतीया, साहेब.”

“कधीपासून?”

“धाकट्याच्या येळंला बाळातीण झाले, तवापासून. आम्ही फडात व्हतो. पाचव्या दिशी मी मोळ्या उचलाया...”

“ते नको सांगू. किती दिवस झाले, तेवढं बोल.”

माय गोंधळली. तिने माझ्याकडे पाहिले. मागची माणसे पुढे रेटत होती आणि मला मायच्या बोलण्याची लाज वाटत होती. मीच म्हणालो, “पंधरा दिवस झाले असतील.” केसपेपरवर तसे लिहिले गेले. डॉक्टर शेजारच्या शिकाऊ मुलाला म्हणाले, “हिस्टरी झाली. पुढचा पाठव.” आम्ही गोळ्यांच्या खिडकीकडे गेलो. बाहेर लिंबाखाली बसल्यावर माय एवढेच म्हणाली, “माझं सांगणं तर ऱ्हाऊनच गेलं.”

माझा धाकटा भाऊ १९९७ सालचा. म्हणजे आठ वर्षांचे दुखणे सरकारी कागदावर पंधरा दिवसांचे झाले होते.

तीन-चार महिन्यांनी गोळ्यांनी काही फरक पडेना म्हणून आम्ही पुन्हा गेलो. त्या दिवशी एका वयस्क सिस्टरबाईंनी मायला पडद्याआड नेले. मी मागे निघालो तर म्हणाल्या, “बाळा, तू बाहेर थांब.” त्यांनी मायला स्टुलावर बसवले, स्वतःही समोर बसल्या. पुढचे मला मायने फार वर्षांनी सांगितले. त्या म्हणाल्या होत्या, “बाई, काय काय होतं ते सगळं सांगा. मला घाई नाही.” माय बोलत राहिली. थांबली की त्या एवढेच म्हणत, “आणखी?” तिसऱ्या की चौथ्या ‘आणखी’ला मायने आठ वर्षे कोणालाही, बापालासुद्धा, न सांगितलेली गोष्ट सांगितली. तिचे अंग बाहेर येत होते. कंबर त्यामुळेच धरत होती. पुढे तिची शस्त्रक्रिया झाली आणि ती बरी झाली. त्या सिस्टरबाई कोणत्या जातीच्या होत्या ते मला माहीत नाही. त्यांनी आमची विचारली नव्हती.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. दोन माणसांनी माझ्या मायला एकच गोष्ट विचारली. एकाला पंधरा दिवसांची कंबरदुखी सापडली, दुसऱ्याला आठ वर्षांचा आजार. हा फरक केवळ स्वभावाचा किंवा वेळेचा आहे काय? की रोग्याला कोणी, कसे विचारायचे, कोणाचे ऐकून घ्यायचे आणि कोणाला मधेच तोडायचे, यालाही समाजव्यवस्थेचा एक इतिहास आहे? माझे उत्तर असे आहे की तो आहे, आणि तो आपण आपल्या बाजूने लिहायला हवा.

२

सुरुवात ग्रीसपासून करतो, कारण तिथे ही गोष्ट फार उघडपणे लिहून ठेवली गेली आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात प्लेटोने आपल्या ‘लॉज’ या ग्रंथात दोन प्रकारच्या वैद्यांचे वर्णन केले आहे. एक गुलामांचा वैद्य, जो बहुधा स्वतःही गुलामच असतो. तो रोग्याला त्याच्या दुखण्याबद्दल बोलू देत नाही, स्वतःही काही समजावून सांगत नाही. हुकूमशहासारखा उपाय फर्मावतो आणि पुढच्या गुलामाकडे धावतो. दुसरा स्वतंत्र माणसांचा वैद्य. तो रोग कसा सुरू झाला याची मुळापासून चौकशी करतो, रोग्याशी व त्याच्या आप्तांशी बोलतो, रोग्याकडून स्वतः शिकतो, आणि त्याची खात्री पटवल्याखेरीज औषध सांगत नाही.

प्लेटो गुलामगिरीचा विरोधक नव्हता. चांगले कायदे कसे करावेत याचा एक दाखला म्हणून त्याने हे लिहिले. पण त्यामुळेच ही साक्ष मोलाची ठरते. ज्याला विचारले जाते तो स्वतंत्र आणि ज्याला नुसते फर्मावले जाते तो गुलाम, हे त्या समाजात सर्वांना ठाऊक असलेले वास्तव होते. त्याने ते सहज जाता जाता नोंदले.

पुढे इ. स. १०० च्या आसपास इफेससच्या रूफस नावाच्या वैद्याने रोग्याला प्रश्न कसे विचारावेत या एकाच विषयावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे असे की, प्रथम रोग्यालाच विचारावे. त्याच्या उत्तरांतून आजार तर कळतोच, शिवाय त्याचे मन व स्मरणशक्ती ठिकाणावर आहे की नाही तेही कळते. रोगी बोलू शकत नसेल तर जवळच्यांना विचारावे. दुखणे केव्हा सुरू झाले, पूर्वी कधी झाले होते काय, त्याची सवय काय, आहार काय, हे विचारावे. परक्या मुलखात गेल्यास तिथल्या माणसांना तिथल्या पाण्याबद्दल व चालीरीतींबद्दल विचारावे, कारण ते वैद्यापेक्षा त्यांना अधिक माहीत असते. आज वैद्यकीय महाविद्यालयांत ‘रुग्णेतिहास’ म्हणून जे शिकवतात त्याचा पाया एवढा जुना आहे.

३

आपल्याकडे काय होते? आयुर्वेदात रोगी तपासण्याचे तीन मार्ग सांगितले आहेत : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. पाहावे, स्पर्श करावा, विचारावे. चरकसंहितेच्या विमानस्थानात तर असे स्पष्ट म्हटले आहे की कोठा हलका की जड, रोग्याला पडणारी स्वप्ने, त्याच्या इच्छा, आवडीनिवडी आणि सुखदुःख या गोष्टी रोग्याला विचारूनच जाणून घ्याव्यात. दुसऱ्याचे दुःख त्याला विचारल्याखेरीज कळत नाही, हे इथल्या वैद्यकाला दोन हजार वर्षांपूर्वीच समजले होते.

आता हे तीन मार्ग पुन्हा एकदा वाचा आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला ते लावून पाहा. दर्शन? ज्याची सावली विटाळ करते, त्याला जवळ घेऊन निरखून कोण पाहणार? स्पर्शन? त्याच्या नावातच अस्पृश्यता. प्रश्न? ज्याने वाड्याच्या पायरीखाली उभे राहून ‘जोहार मायबाप’ म्हणायचे आणि हुकूम ऐकायचा, त्याला ‘तुला काय वाटते?’ असे कोणी विचारायचे? वैद्यकाने सांगितलेले तिन्ही मार्ग जातिव्यवस्थेने एकेक करून बंद केले. ग्रंथातले ज्ञान ग्रंथात राहिले.

याची किंमत वैद्यांनाही मोजावी लागली. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला बोलावू नयेत अशा ब्राह्मणांच्या यादीत वैद्य आहे. चौथ्या अध्यायात वैद्याचे अन्न पुवासारखे म्हणून वर्ज्य ठरवले आहे. जो सर्वांना हात लावतो, रक्त-पू हाताळतो, जातपात न पाहता शरीराला शरीर म्हणून पाहतो, तो या व्यवस्थेला सोसवणारा नव्हता. त्यामुळे वैद्याला प्रतिष्ठा हवी असेल तर त्याने स्पर्श कमी करायचा, आणि स्पर्शाचे काम खालच्या जातींवर ढकलायचे, अशी सोय झाली. गावोगाव बाळंतपण कोण करीत होते? अनेक गावांत सुईणपण मांग समाजाच्या बायांकडे होते. सवर्ण घरातले मूल आमच्या आजी-पणजीच्या हातावर जन्माला यायचे, नाळ तिनेच कापायची, आणि मग अंघोळ घालून घर शुद्ध करताना पहिला विटाळ तिचाच. गावातल्या बायांच्या आजारांचा खरा इतिहास तिच्या डोक्यात होता. तो तिला कोणी विचारला नाही. तिच्याबरोबर तो मातीत गेला.

४

परंतु आपल्या लोकांनी आपले दुखणे सांगितलेच नाही, असे मात्र नाही. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, जोतीराव व सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मांग समाजाची मुलगी. हा निबंध आपण दलित साहित्याचा आरंभ म्हणून वाचतो, धर्मचिकित्सा म्हणून वाचतो. मी तो रुग्णेतिहास म्हणूनही वाचतो. या मुलीने आपल्या बायांची बाळंतपणे मांडली आहेत. घरावर छप्पर नाही, थंडी-वारा-पाऊस अंगावर घेत बाळंतीण पडलेली. तिला बाळंतरोग झाला तर औषधाला आणि वैद्याला पैसे कुठून आणायचे, असे ती विचारते. तुमच्यातल्या कोणत्या प्रतिष्ठित वैद्याने फुकट औषध दिले, असा थेट सवालही करते.

इथे प्रश्नाची दिशाच फिरली आहे. वैद्याने रोग्याला विचारायचे, ते त्याने विचारले नाही. म्हणून रोग्याच्या लेकीने वैद्याला विचारले. आजाराचे कारण शरीराबाहेर, छप्पर नसलेल्या घरात आणि रिकाम्या हातात आहे, हेही तिने त्याच ओघात सांगून टाकले. त्याला आज सामाजिक वैद्यक म्हणतात.

याच परंपरेत १८९७ चे पुणे येते. त्या वर्षी प्लेगच्या साथीसाठी सरकारने खास कायदा केला, आणि मार्च ते मे या काळात रँडच्या प्लेग समितीचे गोरे सैनिक घरोघर झडत्या घेऊ लागले. माणसांची काखा-जांघांची तपासणी झाली, सामान बाहेर फेकले गेले, संशयितांना उचलून नेले गेले. ही तपासणी होती; तिच्यात विचारपूस नव्हती. शहराचा जो संताप उसळला तो इतिहासात नोंदला गेला आहे. पण ज्या अपमानाने सवर्ण पुणे पेटून उठले, तो, म्हणजे न विचारता हाताळले जाण्याचा किंवा न विचारता टाळले जाण्याचा, अस्पृश्यांच्या रोजच्या वाट्याला होता.

त्याच साथीत हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात डॉ. यशवंत फुले यांनी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेग झालेल्या मुलाला सावित्रीबाईंनी स्वतःच्या पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात पोचवले. संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न हे तिन्ही मार्ग एका बाईने आपल्या पाठीवर पुन्हा खुले केले, असे मला वाटते.

५

मुक्ताच्या निबंधानंतर पाऊणशे वर्षांनी काठेवाडात काय घडले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणीवजा लेखनात दिले आहे. १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त छापलेल्या एका पत्राचा आधार त्यांनी घेतला आहे. पत्र लिहिणारा एक अस्पृश्य शिक्षक. त्याची बायको बाळंत झाली. दोन दिवसांनी ती आजारी पडली. जुलाब, छातीला सूज, श्वास लागणे, बरगड्यांत तीव्र वेदना. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत यायला तयार नाही. शेवटी गावच्या नगरशेटने दोन रुपये फीची हमी दिली, तेव्हा तो आला; पण रोगीण वस्तीबाहेर आणावी या अटीवर. दोन दिवसांची ओली बाळंतीण बाहेर आणली गेली. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याकडे दिला, नवऱ्याने बायकोला लावला, आणि तो त्याच वाटेने परत गेला. रात्रीच्या आठच्या सुमाराला दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टर म्हणाला, न्यूमोनिया. औषध पाठवले. नंतर पुन्हा यायला नकार दिला. ती बाई मेली.

हे पत्र आपण चीड येऊन वाचतो. तशी ती येते. पण त्याचा मजकूर शांतपणे पाहावा. बाळंतपण कोणत्या तारखेला, आजार कोणत्या तारखेला सुरू झाला, पहिले लक्षण कोणते, नंतरचे कोणते, वेदना कुठे, उपचार काय झाले, शेवट केव्हा, हे सारे त्या शिक्षकाने क्रमाने लिहिले आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या परीक्षेत मांडावा असा तो नेटका रुग्णेतिहास आहे. ज्याला हे सगळे सांगता येत होते असा साक्षर नवरा समोर उभा होता. डॉक्टरने त्याच्याकडून फक्त थर्मामीटर घेतला, तोही तिसऱ्याच्या हातून. बाबासाहेबांनी हा प्रसंग नोंदला तो दया यावी म्हणून नव्हे. माणुसकी सोडावी लागली तरी चालेल पण विटाळ नको, असे शिकलेल्या डॉक्टरलाही वाटायला लावणारी ही व्यवस्था परक्यांना कळावी, म्हणून नोंदला.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने, जो १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो, रुग्णालयात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरवला. पण अकरा राज्यांतील ५६५ गावांची पाहणी करून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रामीण अस्पृश्यतेच्या अभ्यासात सुमारे एक तृतीयांश गावांत सरकारी आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जात नसल्याचे आढळले. जिथे पाऊलच पडत नाही तिथे प्रश्न कसा पोचणार?

६

कोणी म्हणेल, आता यंत्रे आली. रक्त तपासले, सोनोग्राफी केली की सारे दिसते. विचारायची गरज काय? या यंत्रांनी लाखो जीव वाचवले आहेत आणि ती आपल्या माणसांच्या आवाक्यात यायला हवीत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक या डॉक्टरने कागदाची सुरळी करून एका तरुण रोगिणीच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. शरीराच्या आतला आवाज ऐकू येऊ लागला, ही मोठीच प्रगती होती. परंतु त्याच शतकात रोग्याच्या तोंडच्या शब्दाची किंमत उतरत गेली, हेही खरे. ‘तुला काय होते आहे?’ हा प्रश्न मागे पडून ‘कुठे दुखते?’ हा प्रश्न पुढे आला, असे मिशेल फूको या फ्रेंच विचारवंताने १९६३ साली दाखवून दिले.

मात्र वैद्यकाचे स्वतःचे संशोधन वेगळेच सांगते. १९७५ साली इंग्लंडमध्ये बाह्यरुग्ण विभागातल्या ८० नव्या रोग्यांचा अभ्यास झाला. त्यांपैकी ६६ जणांच्या बाबतीत नुसत्या इतिहासावरून केलेले निदान शेवटपर्यंत टिकले. शारीरिक तपासणीने ७ जणांचे निदान बदलले, प्रयोगशाळेने आणखी ७ जणांचे. म्हणजे नीट ऐकणे हेच सर्वांत मोठे आणि सर्वांत स्वस्त निदानसाधन आहे. १९८४ साली अमेरिकेत ७४ भेटींचे ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा केवळ १७ रोग्यांना आपले सुरुवातीचे म्हणणे पूर्ण करता आले होते. डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मधे बोलत होते. माझ्या मायला तेवढेही मिळाले नसतील.

‘वेळ नसतो’ हे उत्तर आपल्या सरकारी दवाखान्यांची गर्दी पाहता खोटे नाही. पण २००२ साली स्वित्झर्लंडमध्ये ३३५ रोग्यांना कोणी मधे न तोडता बोलू दिले, तेव्हा ते सरासरी ९२ सेकंदांत स्वतःहून थांबले. दर शंभरातले ७८ दोन मिनिटांच्या आत थांबले. प्रश्न दीड मिनिटाचा आहे. दीड मिनिट कोणाला द्यायचे, हे मात्र घड्याळ ठरवत नाही.

न विचारल्याने काय होते ते महाराष्ट्रातच पाहू. १९८९ साली डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते. पूर्वी कधी त्यांची तपासणी झाली असेल अशा स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. एवढे मोठे दुखणे गावागावांत होते आणि तज्ज्ञांच्या जगाला ते ठाऊक नव्हते. बाया लपवत होत्या म्हणून नव्हे, तर त्यांच्याजवळ बसून कोणी विचारले नव्हते म्हणून.

आणि विचारल्याशिवाय उपाय केला तर काय होते, ते २०१९ साली बीड जिल्ह्यात उघड झाले. राज्य सरकारच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. पाळीत काम थांबले की खाडा, खाड्याला दंड; पोटात दुखते, अंगावरून जाते म्हणून बाई दवाखान्यात गेली की कॅन्सरची भीती आणि पिशवी काढण्याचा सल्ला. ‘तुम्ही किती तास वाकून काम करता? फडात पाणी मिळते काय? संडासाला कुठे जाता? बाळंतपणानंतर किती दिवस विश्रांती मिळाली?’ एवढे प्रश्न विचारले असते तर आजाराचे मूळ कोयत्याच्या आणि मुकादमाच्या उचलीच्या हिशेबात सापडले असते. या कामगारांत दलित आणि भटके-विमुक्त मोठ्या संख्येने आहेत, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

७

मग विचारायचे कसे? हे मी केवळ डॉक्टरांसाठी लिहीत नाही. आपले कार्यकर्ते आरोग्य शिबिरे घेतात, आपल्या मुली आशा कार्यकर्त्या आणि परिचारिका आहेत, आपले विद्यार्थी वस्त्यांत पाहणीला जातात. २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात रोग्याशी संवाद हा रीतसर विषय झाला आहे. ते चांगलेच झाले. पण त्या सिस्टरबाईंकडे असा कोणताही अभ्यासक्रम नव्हता. त्यांनी जे केले तेच मी क्रमाने मांडतो.

पहिली गोष्ट बसण्याची. विचारणारा खुर्चीत आणि सांगणारा उभा, असे असेल तर ती विचारपूस राहत नाही, झडती होते. दोघे समोरासमोर, एका उंचीवर असावेत. दुसरी गोष्ट संबोधनाची. ‘काय होतंय गं’ आणि ‘काय होतं, बाई’ यांत दोन अक्षरांचे अंतर नाही, दोन हजार वर्षांचे आहे. आमच्या साठीच्या बायांना विशीतली शिकलेली पोरे अरे-तुरे करतात तेव्हा आतले दार तिथेच लागते.

तिसरी गोष्ट पहिल्या प्रश्नाची. तो मोकळा असावा. ‘ताप आहे का? खोकला आहे का?’ असे विचारले की आपली माणसे मान डोलावतात. साहेबाला हो म्हणायची सवय पिढ्यांची आहे. ‘काय काय होतं ते सांगा’ म्हटले की तिला आपल्या वाटेने येता येते. हो-नाहीचे प्रश्न नंतर. चौथी गोष्ट गप्प राहण्याची. माणूस थांबला म्हणजे संपला असे नाही. पुष्कळदा तो खरी गोष्ट सांगू की नको याचा विचार करीत असतो. तिथे घाईने पुढचा प्रश्न टाकला की ती गोष्ट परत आत जाते. तिथे ‘आणखी?’ पुरते.

पाचवी गोष्ट शब्दांची. धुपणी, कणकण, चमक, मुंग्या, अंधारी, जीव घाबरा होणे, अंग बाहेर येणे हे शब्द अडाणी नाहीत. प्रत्येकाला नेमका अर्थ आहे. तो शब्द आहे तसा लिहावा आणि ‘म्हणजे कसं होतं?’ असे विचारावे. शेवटी आपल्याला कळले ते तिला परत सांगावे, म्हणजे चुकले असेल तर ती दुरुस्त करील.

सहावी गोष्ट काळाची, आणि ती मला इतिहासाचा शिक्षक म्हणून जवळची वाटते. आपल्या वडीलधाऱ्यांचा काळ दिवस-महिन्यांत मोजलेला नसतो. ७२ च्या दुष्काळाच्या साली, किल्लारीच्या भूकंपाच्या आधी, मोठीच्या लग्नानंतर, पट्टा पडल्यावर, अशी त्यांची कालगणना असते. ती पक्की असते. भूकंप १९९३ चा, हे विचारणाऱ्याने जाणायचे. मायने ‘धाकट्याच्या येळंपासून’ म्हणून अचूक तारीख सांगितली होती. ती वाचता आली नाही ती शिकलेल्यांना.

सातवी गोष्ट रोग्याच्या स्वतःच्या मताची. अमेरिकेतील आर्थर क्लाइनमन या डॉक्टर-मानवशास्त्रज्ञाने १९७८ साली काही साधे प्रश्न सुचवले : हे कशामुळे झाले असे तुम्हाला वाटते? तेव्हाच का सुरू झाले? याने तुमचे काय काय अडले? तुम्हाला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? यांत रोग्याला विचार करणारा माणूस मानलेले आहे. कोणी ‘देवीचा कोप’ म्हणाले तर हसू नये, रागावूही नये. अंधश्रद्धेशी आपला झगडा आहेच, पण ज्याचे आधी ऐकून घेतले त्यालाच पुढे काही पटवता येते.

आणि शेवटची गोष्ट एकांताची. मधल्या माणसाला बाहेर काढा. नवरा, सासू, दीर, आणि शिकलेला मुलगासुद्धा.

८

हे शेवटचे कलम मी स्वतःवर लावून घेतो. त्या दिवशी मायला तोडणारे डॉक्टर एकटे नव्हते. पंधरा दिवस हा आकडा माझा होता. चार पुस्तके शिकलेला मी, मायचे बोलणे गावंढळ वाटून ते आवरते घेण्याची घाई मला डॉक्टरांपेक्षा अधिक होती. आपण पहिल्या पिढीतले शिकलेले लोक आपल्या माणसांच्या वतीने बोलायला फार लवकर शिकतो. निवेदने लिहितो, भाषणे करतो, फॉर्म भरतो. ते करावेच लागते. पण वतीने बोलण्यापूर्वी त्यांचे सांगणे पूर्ण ऐकले आहे काय, हे आपण एकमेकांना विचारले पाहिजे. व्यवस्थेने ज्यांना कधी विचारले नाही त्यांना आपणही विचारले नाही, तर आपल्या शिक्षणाचा त्यांना उपयोग काय?

तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी ऐतिहासिक साधनांची चिकित्सा शिकवतो. पहिल्या तासाला शिलालेख किंवा ताम्रपट घेत नाही. मायचा २००५ चा केसपेपर नेतो. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला सरकारी कागद. मुले हातोहात फिरवतात, वाचतात : कंबरदुखी, पंधरा दिवस. मग मी त्यांना विचारतो, हा अस्सल कागद आहे, शिक्का आहे, तारीख आहे. यातले खरे किती? मुले गोंधळतात. मग मी त्यांना घडले ते सगळे सांगतो, माझ्या आकड्यासकट. तास संपताना एक काम देतो : घरी जाऊन आपल्या आईला किंवा आजीला विचारा की तिला काय काय झाले होते, आणि ती बोलत असताना मधे बोलू नका.

मी स्वतः हे काम केले ते फार उशिरा, गेल्या उन्हाळ्यात. माय ओसरीवर बसून तांदूळ निवडत होती. मी विचारले आणि गप्प बसलो. तिने फडातल्या कोपीपासून सुरुवात केली. दिवस कलला तरी तिचे सांगणे चालूच होते.